आठवं घर

सोनोग्राफीसाठी माझ्या मांजरीची, मिरीची, डावी कूस भादरली तेव्हा मला तिच्या दुखण्यापेक्षा तिच्या अपमानाचंच जास्त वाईट वाटलं होतं. तळहाताएवढा चौकोन. साईच्या रंगाच्या अंगावर मधेच गुलाबी, उघडी, सुरकुतलेली कातडी. घरी आल्यावर दोन दिवस ती तीच जागा चाटत बसली, आणि मधूनच मान वर करून माझ्याकडे अशी बघायची की जणू मशीन मीच चालवलं होतं. पोटात वाईट काही निघालं नाही. गोळ्या लागू पडल्या, चौथ्या दिवशी ती खायला लागली आणि आठव्या दिवशी पडद्यावर चढली, म्हणजे बरी झाली. दीड-दोन महिन्यांत केस येतील, असं डॉक्टर म्हणाले होते. आलेही. पण आले ते गडद तपकिरी. तिचे कान, तिचं तोंड, पंजे आणि शेपटी ज्या रंगाची आहे, नेमक्या त्याच रंगाचे. पांढुरक्या कुशीवर काटेकोर कडांचा एक तपकिरी चौकोन. कपड्यावर तापलेली इस्त्री तशीच ठेवून कुणी दाराशी कोण आलंय ते बघायला जावं, तसा.

मी घाबरून फोन केला. डॉक्टर हसले. "अहो, सयामी आहे ना ती! केस काढले, तेवढी कातडी गार पडली. गार कातडीवर त्यांना काळेच केस येतात. पुढच्या वेळी केस झडतील तेव्हा जाईल." अर्ध्या मिनिटात त्यांचा विषय संपला आणि मागे कुणाचा तरी कुत्रा भुंकत असतानाच फोन बंद झाला. माझा विषय मात्र तिथून सुरू झाला. अकरा वर्षं मी तिच्या रंगाबद्दल लोकांना सांगत आले होते. सील पॉइंट आहे, म्हणजे गडद तपकिरी टोकांची, अस्सल आहे, कागद आहेत. रंग म्हणजे तिचं घराणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि आता कळत होतं की तो रंग म्हणजे नुसती हवा. गार लागलं म्हणून काळी, ऊब मिळाली म्हणून गोरी.

मग मी वाचत सुटले. केसांना काळेपणा देणारं मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं एक एन्झाइम लागतं. सयामी मांजरात त्याच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, आणि तेवढ्यानं ते एन्झाइम नाजूक होऊन बसतं. शरीराच्या उबेत ते काम सोडतं आणि जरा गारवा मिळाला की कामाला लागतं. मांजराचं धड गरम, म्हणून ते फिकट. कान, नाकाचा शेंडा, पंजे, शेपटी ही सगळी टोकं गार, म्हणून ती गडद. पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरीशुभ्र असतात, कारण आईच्या पोटात गारवा कुठला? बाहेर आल्यावर काही दिवसांनी कानांच्या कडा धुरकटायला लागतात. १९३० साली इल्यिन आडनावाच्या दोन रशियन संशोधकांनी हेच तपासून पाहिलं होतं. केस काढलेली जागा थंडीत राहिली की गडद केस, उबेत राहिली की फिकट. माझ्या घरी नकळत झालेला प्रयोग नव्वदेक वर्षांपूर्वी नीट मांडून झालेला होता. म्हणजे सयामी मांजराच्या अंगावर जे दिसतं ती नक्षी नव्हे, तो तापमानाचा नकाशा आहे. हे कळल्यावर मी मिरीच्या कानाला हात लावून बघितला. गार होता. मग पोटाखाली हात घातला, आणि तिनं चावा घेतला.

त्या चौकोनावर बोट फिरवताना माझ्या मनात एक विचित्र प्रश्न आला. सयामातून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, निघालेली पहिली मांजरं लंडनच्या थंडीत उतरली, तेव्हा तीसुद्धा अशीच हळूहळू काळवंडली असतील का?

सयाम म्हटलं की माझ्या कानाला उगाचच श्याम ऐकू येतं. पण ते असो.

१३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. भरवणारे हॅरिसन वियर हे चित्रकार होते आणि त्यांची तळमळ साधी होती. उंदीर मारण्यापुरती घरात ठेवलेली, लाथा खाणारी मांजरं लोकांनी एकदा नीट निरखून बघावीत. लोक आले, तोबा गर्दी झाली. त्या पिंजऱ्यांमध्ये सयामी मांजरंही होती. गोल तोंडाची, गुबगुबीत, पट्ट्यापट्ट्यांची मांजरं बघायची सवय असलेल्या डोळ्यांना काजळीत तोंड बुडवून आल्यासारखं दिसणारं हे निळ्या डोळ्यांचं जनावर झेपलं नाही. एका बातमीत त्याचं वर्णन दुःस्वप्नातलं, निसर्गाला सोडून असलेलं मांजर असं केलं गेलं. मला त्या बातमीदाराचा राग येत नाही. मिरी पहिल्यांदा घरी आली तेव्हा रात्री पाणी प्यायला उठले आणि अंधारात दोन लाल दिवे पेटलेले दिसले होते. दिवसा निळे असणारे हे डोळे रात्री लाल चमकतात. मी जोरात ओरडले होते. तीही ओरडली. तिचं ओरडणं ऐकून शेजाऱ्यांना वाटलं, घरात तान्हं मूल आहे.

वेगळं दिसणं आणि हवंसं वाटणं यांत फार अंतर नसतं. सात वर्षांनी, १८७८च्या नोव्हेंबरात, बँकॉकमधले अमेरिकन वाणिज्यदूत डेव्हिड सिकल्स यांनी अध्यक्ष रदरफोर्ड हेज यांच्या पत्नी ल्यूसी हेज यांच्यासाठी एक सयामी मांजरी बोटीत चढवली. बँकॉकहून हाँगकाँग, तिथून पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्को आणि मग अख्खी अमेरिका आडवी कापून वॉशिंग्टन. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ती पोचली. तिचं नाव ठेवलं 'सियाम', म्हणजे ज्या देशाहून आणलं तेच नाव. व्हाइट हाउसमध्ये तिचं कौतुक झालं, पाहुणे आले की ती खोलीत येऊन मिरवायची, असं सांगतात. त्याच वर्षीच्या पानगळीत ती आजारी पडली. मायेनं खाऊ घातलं, डॉक्टरला दाखवलं, पण वाचली नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की तिला एकटीला पाठवलं होतं. भेटवस्तू एकच पाठवतात, दोन नाही. अमेरिकेत पोचलेलं पहिलं सयामी मांजर म्हणून तिचं नाव राहिलं, वंश राहिला नाही.

दोन लागतात. हे ओळखलं ब्रिटिश वकिलातीतल्या एडवर्ड गूल्ड यांनी. १८८४ साली त्यांनी बँकॉकहून आपल्या बहिणीसाठी, लिलियन हिच्यासाठी, एक जोडी आणली. फो आणि मिया. त्यांची तीन पिल्लं १८८५ साली क्रिस्टल पॅलेसमध्ये दाखवली गेली. बक्षिसं मिळाली. आणि थोड्याच दिवसांत तिन्ही पिल्लं मेली. सयामी मांजराचा इतिहास सांगणारे हे वाक्य एका दमात लिहून पुढे जातात. दुसरी जोडी आणली, तिसरी आणली, मग रुजलं. पण ती तीन पिल्लं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. रिबनी लावलेले पिंजरे, बघ्यांची गर्दी, काचेच्या छताखालचा शेकडो मांजरांचा वास, आणि कदाचित त्या गर्दीतून घरी नेलेला काहीतरी अदृश्य रोग. मांजरांच्या आतड्यांचा असा एक विषाणू पुढे ओळखला गेला, त्यावर लस निघाली. तोवर सयामी मांजर नाजूक, त्याला थंडी सोसत नाही, हीच समजूत. मग त्यांच्यासाठी शेकोटीच्या खोल्या, तापवलेल्या कोठड्या. थंडीनं मरतात म्हणून कोंडून ठेवली, आणि कोंडून ठेवल्यामुळेही किती मेली असतील कोण जाणे. आणि उबेत कोंडलेली ती मांजरं फिकी राहिली असणार, बाहेरच्या हवेत वाढलेली गडद झाली असणार. माणसं मात्र रक्ताचा गुण शोधत बसलेली.

आमच्या लहानपणी एक मांजरी होती. आमची असं म्हणायची सोय नव्हती, तीच आम्हाला आपली समजायची. कागद नाहीत, नाव नाही, रंगाचं म्हणाल तर राखाडी आणि चिखलाच्या मधला. दर खेपेला ती कपाटाच्या खालच्या खणात व्यायची आणि डोळे उघडण्याआधीच पिल्लांची बदली सुरू. तोंडात मानगूट धरून एकेकाला उचलायची. खणातून माळ्यावर, माळ्यावरून शेजारच्या जिन्याखाली, तिथून आणखी कुठे. आई म्हणायची, मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते, मग ती कुठंही जगतात. मी मोजायचा प्रयत्न करायचे, पण चौथ्या-पाचव्या घरानंतर माग हरवायचा. आणि दरवेळी शेवटी परत येताना पिल्लांचा आकडा एकानं तरी कमी झालेला असायचा. आई त्याबद्दल काही बोलायची नाही, मांजरीही नाही. ती फक्त दोन दिवस खणात डोकं घालून हाक मारत फिरायची. तो आवाज मी विसरले नव्हते, म्हणून मिरीचा आवाज मला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला.

फो आणि मियाला जे दाखवलं गेलं ते आठवं घर. ते त्यांनी निवडलेलं नव्हतं.

लिलियनबाई मात्र नुसत्या हौशी नव्हत्या. त्या जीवशास्त्राच्या अभ्यासक होत्या, लग्नानंतरचं आडनाव व्हेली. लंडनच्या लिनिअन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेनं पहिल्यांदा बायकांना सदस्यत्व दिलं त्या तुकडीत त्यांचं नाव आहे. १९०१ साली ब्रिटनमध्ये सयामी मांजरांचा क्लब निघाला तेव्हा त्याच्या संस्थापकांतही त्या होत्या. हा सगळा उद्योग बऱ्याच अंशी बायकांनी उभा केला हे मला लक्षात घेण्यासारखं वाटतं. नवरे आणि भाऊ वकिलातीतून, लष्करातून, व्यापारातून मांजरं आणायचे. ती जगवायची, जुळवायची, टिपणं ठेवायची, क्लबात भांडायचं, हे काम बायकांचं. आपल्या घराण्याच्या वंशावळीत ज्यांचं नाव अनेकदा फक्त 'अमक्याची पत्नी' म्हणून येतं, त्या मांजरांच्या वंशावळीत आईचं नाव बापाच्या बरोबरीनं लिहीत होत्या. याबद्दल मला उगाच समाधान वाटतं. १८९८ साली ब्रिटनमध्ये पहिला सयामी चॅम्पियन झाला, वँकी नावाचा बोका. त्याचा जन्म ब्रिटनचाही नाही आणि सयामचाही नाही, हाँगकाँगचा.

आता जात रुजली असं नेमकं कधी म्हणायचं? पिल्लं जगायला लागली तेव्हा? माझ्या मते नाही. कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं की हे मांजर असं असावं, तेव्हा. सयामीचं असं पहिलं लेखी वर्णन १८९२चं सांगतात. त्यात हे मांजर आदर्श घरगुती मांजराच्या सर्व बाबतींत उलट असावं अशा अर्थाचं बोललेलं आहे. म्हणजे जे आपल्याकडे नाही, ते हवं. आणि त्याच सुरुवातीच्या वर्णनांत शेपटीतल्या गाठीचाही उल्लेख येतो. तिकडून आलेल्या पुष्कळ मांजरांच्या शेपटीत मणके जुळून वाकडी गाठ झालेली असायची आणि डोळे तिरळे असायचे. खूण पटवायची तर गाठ बघा, तिरळे डोळे बघा, असा तो काळ. गोष्टीही आल्या. राजकन्या अंघोळीला जाताना अंगठ्या मांजराच्या शेपटीत अडकवायची, त्या पडू नयेत म्हणून शेपटीला गाठ पडली. पवित्र पात्रावर नजर रोखून राखण करता करता डोळे तिरळे झाले. खरं कारण शरीरशास्त्रातलं आहे आणि मला ते गोष्टीपेक्षाही अजब वाटतं. रंग फिका करणारं तेच जनुक डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या शिरांची वाट चुकवतं. जी शीर सरळ जायची ती पलीकडे जाते. त्या चुकलेल्या वाटांची भरपाई करता करता काही मांजरं डोळे आत वळवून बघतात. निळे डोळे, साईचं अंग, गार टोकांवरचा काळिमा आणि तिरळेपणा, सगळ्यांचं मूळ एकच.

पुढे आवडी बदलल्या. गाठ हा दोष ठरला, तिरळेपणा हा दोष ठरला, आणि पिढ्यान्‌पिढ्या वेचून वेचून ते बाजूला काढले गेले. आणि इथे मला मिरीची शेपटी आठवते. टोकापासून दोन बोटं आत, केसांखाली एक छोटी गाठ आहे. दिसत नाही, हाताला लागते, आतून बसलेल्या तांदळाच्या दाण्यासारखी. ती मला मिळाली ती या गाठीमुळे. "शोच्या कामाची नाही, घरात पाळायला छान आहे," असं तिला देणारीनं मला सांगितलं होतं आणि भाव कमी केला होता. वर अंगठ्यांची गोष्टही तिनंच सांगितली. तेव्हा मला त्यातला विनोद कळला नव्हता. ज्या गाठीवरून तिच्या पूर्वजांना अस्सल म्हणून उचलून आणलं, तीच गाठ हाताला लागली म्हणून तिला रांगेतून काढलं. माझा तर फायदाच झाला. झोप येत नाही तेव्हा अंधारात मी ती गाठ चाचपते. ती शेपटी ओढून घेते, मी पुन्हा शोधते.

या मांजरांबरोबर राजवाडाही आला. फो आणि मिया राजाकडून भेट मिळाली, ही मांजरं राजवाड्याबाहेर ठेवायची परवानगीच नव्हती, चोरून आणावी लागली, असं खूप काही. वकिलातीतला माणूस भेट मिळाली म्हणतो, बाजारातून आणली म्हणत नाही, हे मी समजू शकते. पण तिकडे या मांजराला साधंसुंदर नाव होतं आणि आहे. विचियन मात. चंद्राचा हिरा असा त्याचा अर्थ लावतात. त्यातलं 'विचियन' म्हणजे पाली भाषेतलं वजिर, आपलं वज्र. हे कळलं तेव्हा ते मांजर एकदम जवळचं वाटायला लागलं. आयुथ्थया या तिकडच्या जुन्या राज्याच्या काळापासूनची परंपरा सांगणारी, चित्रं आणि पद्य असलेली मांजरांची पोथी थायलंडमध्ये आहे. आज हाती असलेल्या प्रती बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या. तिच्यात सतरा शुभ मांजरं आणि सहा अशुभ. विचियन मात शुभांतलं. काळ्या टोकांचं वर्णन तिथं आधीच करून ठेवलेलं आहे. म्हणजे इंग्रजांच्या आधीही कुणीतरी हे मांजर असं असावं म्हणून लिहीतच होतं. फरक एवढाच, की पोथीतलं मांजर घरात भरभराट आणतं का ते बघायचं होतं, आणि क्लबातलं मांजर टेबलावर कसं दिसतं ते.

टेबलावरचं दिसणं मग फार पुढे गेलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंड पाचरीसारखं निमुळतं, कान वटवाघळासारखे मोठे, अंग नळीसारखं, पाय काठ्यांसारखे. फो आणि मिया आज एखाद्या प्रदर्शनात गेली तर सयामी म्हणून त्यांना कुणी दारात उभं करणार नाही. जुन्या बांध्याची, जरा गोल तोंडाची मांजरं ज्यांना आवडत राहिली त्यांनी ती जपली, काहींनी या शतकात पुन्हा थायलंडहून मांजरं आणली, आणि त्यांच्यासाठी वेगळ्या जातीचं वेगळं नाव घेतलं, थाई. मूळ मांजराला आपल्याच नावावर हक्क सांगता येईना, म्हणून दुसरं नाव घ्यावं लागलं. दरम्यान देशानं नाव बदलून टाकलं होतं. १९३९मध्ये सयामचा थायलंड झाला. १९३५मध्ये पर्शियाचा इराण. बर्माचा म्यानमार, अबिसिनियाचा इथिओपिया. नकाशांवरून पुसली गेलेली ही नावं आता फक्त मांजरांच्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर शाबूत आहेत. त्यांतलं अबिसिनियन तर नावापुरतंच तिकडचं. १८६८च्या अबिसिनियावरच्या ब्रिटिश मोहिमेवरून परतलेल्या सैनिकांबरोबर झुला नावाची मांजरी ब्रिटनमध्ये आली, तिच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. ही मोहीम निघाली होती मुंबईहून. आणि अलीकडे जनुकं तपासणाऱ्यांना या जातीचं नातं सापडलं ते बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्याकडच्या मांजरांशी. कागदावर आफ्रिका, रक्तात हा किनारा.

बर्मीजची गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करते, कारण तिथं दोन नव्हती, एकच होती. १९३० साली जोसेफ थॉम्प्सन या नौदलातल्या डॉक्टरकडे, सॅन फ्रान्सिस्कोला, अक्रोडी रंगाची एक लहानखुरी मांजरी आली. वाँग माऊ. पुष्कळांनी तिला गडद पडलेली सयामी म्हणून मोडीत काढलं. थॉम्प्सनना तसं वाटेना. तिच्यासारखा बोका अमेरिकेत नव्हता, म्हणून ताई माऊ नावाच्या सयामी बोक्याशी जुळवली. पिल्लं दोन तऱ्हांची झाली, काही बापासारखी, काही तिच्यासारखी. मग तिचा एक मुलगाच तिला लावला, आणि आता तीन तऱ्हा निघाल्या: सयामीसारखी, तिच्यासारखी, आणि तिच्याहूनही गडद, सगळं अंग एकसारखं तपकिरी असलेली. ही तिसरी तऱ्हा म्हणजे बर्मीज. वाँग माऊ स्वतः बर्मीज नव्हतीच. तिच्या पेशींत टायरोसिनेजच्या त्याच जनुकाच्या दोन वेगळ्या चुका शेजारी शेजारी होत्या, एक सयामी, एक बर्मीज. अशा मांजराला आज टॉन्किनीज म्हणतात. ज्या जातीची ती आद्य माता, त्या जातीत तिला स्वतःला प्रवेश नाही.

१९३६मध्ये मांजरांच्या जाती नोंदवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेनं बर्मीजला मान्यता दिली, आणि १९४७मध्ये काढून घेतली. कारण एका मांजरीवर जात उभी करायची तर सयामींची मदत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि सयामीची भेसळ हाच आक्षेप. काही वर्षांनी मान्यता परत मिळाली. ब्रिटनमध्ये बर्मीज रुजलं ते १९४९ नंतर, तेही बर्माहून नव्हे, अमेरिकेहून आणलेल्या मांजरांवर. बाहेरच्या मांजराला तिथं विसाव्या शतकात बराच काळ सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागायचे. पाजती पिल्लं असोत नाहीतर म्हातारा बोका, सहा महिने जाळीच्या आड. मग कोण सारखी आणणार? जी आत आली त्यांच्यातच जमवायचं. अटलांटिकच्या दोन काठांवर दोन वेगळी बर्मीज घडत गेली, अमेरिकेतलं गोलमटोल आणि छोट्या नाकाचं, ब्रिटनमधलं सडपातळ. अमेरिकेतल्या गोलमटोल घराण्यात पुढे पिल्लांच्या डोक्याचा एक भयंकर जन्मदोष निघाला, जगूच न देणारा. पाळीव मांजरांच्या जातींची जनुकीय विविधता मोजली तेव्हा बर्मीज अगदी तळाला सापडलं. एका मांजरीच्या लेकरांनी अख्खा देश भरायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार.

हे सगळं वाचून मी मिरीचे कागद काढले. सोनेरी काठाचं प्रमाणपत्र, पाच पिढ्यांचा तक्ता, प्रत्येक नावाआधी घराण्याची उपाधी. राजपुत्र, चांदण्या, कुठल्या कुठल्या देवतांची नावं. अकरा वर्षांत ते मी दोनदा वाचलं असेल. या वेळी बोट ठेवून शेवटच्या रांगेपर्यंत गेले. काही नावं दोनदा आलेली दिसली, एक तीनदा. बापाचा आजा आणि आईचा आजा एकच. आधी मला ते छापणाऱ्याची चूक वाटली होती. मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण माझ्या रागात दम नव्हता, कारण मी पैसे मोजून हेच विकत घेतलं होतं. निळे डोळे हवे होते, तो आवाज हवा होता, आणि लोकांनी "ही कुठली हो?" असं विचारलेलं हवं होतं. लहानपणीच्या त्या चिखली राखाडी मांजरीबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं. तिची कुठल्या तरी पिढीतली पणती कुठल्या तरी जिन्याखाली असेलच. तिला रुजायला वकिलात, बोट, क्लब काही लागलं नाही.

मिरी घरी आली तेव्हा तीन दिवस कपाटाखाली होती. मी जमिनीवर पोट टेकून तिच्याशी बोलायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. तिसऱ्या रात्री ती बाहेर आली ती माझ्यासाठी नव्हे. ऊब कुठं आहे ते तिनं शोधून काढलं होतं.

गेल्या आठवड्यापासून केस झडायला लागलेत. कंगव्यात आता दोन रंगांचे पुंजके येतात, पांढुरके पुष्कळ आणि मधे मधे तपकिरी. चौकोनाच्या कडा विरल्यात, एका कोपऱ्यातून फिकट केस आत शिरलेत, इस्त्रीचा डाग आता सांडलेल्या चहासारखा दिसतो. मान्य करायला जरा लाज वाटते, पण मला तो जाऊ नये असं वाटायला लागलंय. तपकिरी केसांचा एक पुंजका मी प्रमाणपत्राच्या पाकिटात ठेवून दिलाय. काल संध्याकाळी इंटरनेट सारखं तुटत होतं म्हणून बघायला गेले, तर ती राउटरवर पसरली होती. डावी कूस खाली, डबा गरमागरम, वायर एका बाजूला लोंबकळलेली, आणि गाठीची शेपटी झोपेत हळूच हलत होती.